गाडीला घरी काय पाजलं?

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून सोमवारी सकाळी सहाला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, आज कुणाची म्हैस? मी म्हटलं, आज माझंच जनावर आजारी आहे, त्याला पुण्याकडे दाखवायला चालले आहे. आणि गाडीच्या बॉनेटवर थाप मारली.

मी गुरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण धरणावरच्या वाड्यांमधून बोलावणं आलं की अजूनही जाते. डांबर जिथे संपतं त्याच्या पुढे अकरा वाड्या आहेत. तिथवर जाते ती माझी तेवीस वर्षांची जुनी जीप, चारही चाकांना ताकद देणारी, पुढे-मागे पाट्यांवर बसलेली (पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी). वाड्यांवरची माणसं तिला ‘डॉक्टरणीची खडखड’ म्हणतात. खाली ओढ्याशी आवाज आला की वर कुणीतरी गरम पाणी ठेवतं.

पण गेले तीन महिने खडखडीत एक नवा सूर मिसळला होता. स्टेअरिंग वळवलं की डाव्या पायाजवळ ‘टक्’. उलटं वळवलं की पुन्हा ‘टक्’. ब्रेक मारला की गाडी हळूच डावीकडे सरकायची. गणपतीत मुलगा केदार घरी आला, तेव्हा माझ्याबरोबर एकदा वर वाडीला आला आणि उतरताना दोन्ही हातांनी दांडी धरून बसला. त्यानंतर रोज फोन. शेवटी आमच्यात ठराव झाला तो असा. मी गाडी घेऊन त्याच्याकडे मारुंजीला यायचं. गुरुवारपर्यंत कुणी त्या आवाजाचं कारण सांगून तो बंद केला, तर गाडी माझी. नाही झालं, तर गुरुवारी अकराला जुन्या गाड्या घेणारा माणूस येईल आणि मला एक छोटी, आपोआप गिअर बदलणारी मोटार मिळेल.

छोटी मोटार डांबरापर्यंत जाईल. पुढच्या अकरा वाड्या सुटतील. आणि वाड्या सुटल्या की मी काय करणार, तर पेन्शनीत भाजी निवडत बसणार. मला त्याची भीती वाटत होती. केदारला हे सांगितलं नव्हतं.

संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव. रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की गाडीतले सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. नारायणगावला चहा घेतला, टोमॅटोच्या क्रेट्सच्या भिंतीआड गाडी लावली. खेडचा घाट आता बाजूच्या रस्त्याने टळतो, तिथे मात्र मी वेग कमी केला आणि खिडकीतून कान बाहेर काढून चालवली. मागच्या मोटारवाल्याला काय वाटलं असेल देव जाणे.

चाकणला तळेगाव चौकात अडकले ते पाऊण तास. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये मी. शेजारी सुट्या भागांचा टेम्पो होता, चालक मराठवाड्याकडचा. मी जागच्या जागी स्टेअरिंग थोडं वळवलं तर तो मान काढून म्हणाला, "मावशी, गाडी लई बोलायली की तुमची." मी म्हटलं, बोलते खरी, पण काय म्हणते ते कळत नाही. मग त्याने सांगितलं की कुरुळीत एक नाना आहेत, कंपनीतून निवृत्त झालेले फिटर. कुठल्याही यंत्राला आधी हात लावत नाहीत, आधी ऐकतात. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, असे ऐकणारे गावोगाव असतात. माझ्या धंद्यात तर फारच. रांग हलली, तो उजवीकडे गेला, मी सरळ.

मारुंजीला केदार सहाव्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून एकीकडे काचेच्या इमारती आणि दुसरीकडे अगदी खाली म्हशींचा गोठा. मी चहाचा कप घेऊन म्हशी मोजल्या. बारा. त्यातली एक मागच्या उजव्या पायाने जपून चालत होती. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही सुट्टीवर आहात." मी म्हटलं, बरं. पण दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मालकाला खूर बघायला सांगून आलेच.

मंगळवारी केदारने कासारवाडीच्या एका गॅरेजमध्ये वेळ घेऊन ठेवली होती. रेल्वे रुळांना लागूनच. फरशी इतकी स्वच्छ की माझ्या टायरांना संकोच वाटावा. तिथला तरुण इंजिनिअर हातात गाडीतला दोष वाचणारं एक यंत्र घेऊन आला आणि ते जोडायची खाच शोधू लागला. डॅशबोर्डखाली वाकला, सीटखाली वाकला. मी त्याला सांगितलं की बाळा, ही गाडी त्या यंत्राच्या आधीची आहे. तो बिचारा हसला. मग त्याने एक फेरी मारली आणि सांगितलं की स्टेअरिंग बॉक्स पूर्ण बदलावा लागेल, यायला दहा दिवस. नक्की तेच आहे का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बदलून बघू ना."

इथे माझं डोकं फिरलं. मी जर म्हशीचं पोट फाडून मग आत काय आहे ते बघू म्हटलं असतं, तर वाडीवाल्यांनी मला ओढ्यात बुडवलं असतं. तेवढ्यात लोणावळ्याची लोकल धडधडत गेली, त्यामुळे मी काय पुटपुटले ते त्याला ऐकू आलं नाही. बरंच झालं. परत येताना वाकडच्या सिग्नलला ‘टक्’ ऐकलं आणि टेम्पोवाल्याची आठवण झाली.

बुधवारी दहाला भोसरी, मोशी करत इंद्रायणी ओलांडून कुरुळीत पोचले. इथे कंपनीची भिंत संपते तिथे कांद्याचं वावर सुरू होतं आणि वावर संपलं की पुन्हा भिंत. नानांना शोधावं लागलं नाही. जमिनीचा अर्धा तुकडा कंपन्यांत गेलेला, उरलेल्यात कांदे आणि कडेला पत्र्याची शेड. शेडला खेटून पत्रे दाबायचा कारखाना. त्याचे प्रेस धडाम-धडाम असे पडत होते की माझ्या छातीत घुमत होतं. आणि शेडच्या दारावर तांबड्या रंगात लिहिलेलं: ‘आवाज ऐकण्याची वेळ साडेबारा ते एक’.

नाना पासष्टीचे, काटक, खाकी पँट आणि वर पांढरी टोपी. मी ओरडून विचारलं, ही काय भानगड? तेही ओरडूनच म्हणाले की शेजारच्यांची जेवणाची सुट्टी तेवढीच, तेवढा वेळ प्रेस बंद असतात. बाकी दिवसभर पाना चालतो, कान चालत नाही. गुरुवारी इथल्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी असते, उद्याच या ना सकाळी निवांत, असंही म्हणाले. मी म्हटलं, उद्या अकराला माझ्या गाडीचं लग्न आहे, आजच काय ते बघा.

मग त्यांनी मला आत बाकावर बसवून प्रश्न सुरू केले, आणि मी चाट पडले. कधीपासून? उभी असताना की चालताना? सकाळी गार असताना जास्त की दमल्यावर? वजन असताना काय, मोकळी असताना काय? अहो, हे माझे प्रश्न. चाळीस वर्षं गोठ्यागोठ्यात उभी राहून मी हेच विचारत आले. मी खुशीत येऊन पटापट उत्तरं दिली. पाट्यांच्या टोकांना जे रबरी बूश असतात (लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून बसवलेली रबराची नळी) ते मागच्या दिवाळीतच नवे टाकलेत, हेही अभिमानाने सांगितलं.

शेवटचा प्रश्न आला. "घरी काय केलं का गाडीला? वतलं, लावलं, ठोकलं?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

आता खरं सांगते. पावसाळ्यात पाटे भयंकर करकरायला लागले होते. लाज वाटायची गावातून जाताना. म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं काळं तेल) आणलं आणि जुन्या ब्रशने पाट्यांना लावलं. करकर थांबली. मला इतका आनंद झाला की दोन महिने दर रविवारी लावत गेले. हे करू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. ट्रॅक्टरवालाच म्हणाला होता. पण डॉक्टरीण असून घरगुती इलाज केला हे त्या माणसापुढे कबूल करायला जीभ वळेना.

साडेबाराला भोंगा झाला आणि प्रेस थांबले. अशी शांतता झाली की कांद्यात सोडलेल्या पाण्याचा आवाज येऊ लागला. घरातून नानांच्या मंडळी शांताबाई पदर खोचत आल्या आणि काही न विचारता सरळ माझ्या सीटवर चढून बसल्या. नाना कंपनीत होते तेव्हापासून, वीस वर्षं, स्टेअरिंग वळवायचं काम त्यांचंच. नाना पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली गेले. "डावं," ते म्हणाले. शांताबाईंनी वळवलं. टक्. "उजवं." टक्. नाना एकेका सांध्यावर तळहात ठेवत होते आणि डोळे मिटून घेत होते. नाडी बघायची हीच रीत. मी शेजारी उकिडवी बसून मान डोलावत होते.

मग त्यांनी बोट बाहेर काढून दाखवलं. काळंकुळकुळीत. "ताई, हे तेल कुठनं आलं?"

"काय माहीत," मी म्हटलं.

एकाला भोंगा झाला, प्रेस सुरू झाले, आणि आमची ऐकण्याची वेळ संपली.

नानांनी हिशेब मांडला तो बरोबरच होता. बूश नवे, म्हणजे दोष त्यांचा नाही. बाहेरून कुणी तेल लावलेलं नाही, म्हणजे ते आतून गळतंय. चाकाच्या आतलं सील (तेल अडवून धरणारी रबरी कडी) गेलं असणार, बेअरिंग कोरडं पडून टकटकत असणार. त्यांनी जॅक लावला, डावं चाक काढलं आणि एकेक भाग पोत्यावर मांडायला घेतला. मी ते उगाचच एका रांगेत सरळ करत बसले.

शांताबाईंनी जेवायला बोलावलं. मासवडी होती (नावात मासा, पण मासा नाही. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळी करतात, कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर खातात). बाजरीची भाकरी, घरचा कांदा. असं सुरेख जेवण, आणि मी भाकरीचा तुकडा नुसता रश्शात फिरवत बसले. शांताबाई म्हणाल्या, तिखट झालं का? मी म्हटलं, नाही हो, झकास झालंय. हेही खरंच होतं, पण त्या वेळी मी काहीही म्हटलं तरी मला खोटंच वाटत होतं.

अडीचच्या सुमाराला नाना हात पुसत आले आणि बाकावर बसले. सील धड होतं. बेअरिंग धड होतं, ग्रीसने भरलेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझंच ऐकणं चुकलं बहुतेक. कान गेले आता. प्रेसच्या शेजारी राहून जायाचेच. शेड बंद कराया पायजे."

शांताबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मला एकदम वरच्या वाडीतली एक म्हैस आठवली. पोट फुगलं म्हणून बोलावणं आलं होतं. घरी काय पाजलं, म्हणून विचारलं तर मालक म्हणाला, काही नाही. मी दोन दिवस पोटाचे उपचार केले. तिसऱ्या दिवशी ती मेली, तेव्हा त्याची बायको रडत म्हणाली की बांबूच्या नळकांड्यातून तेल पाजलं होतं. ते श्वासनळीतून छातीत उतरलं होतं. मी पोट ऐकत बसले आणि दुखणं छातीत. त्या माणसाला मी चारचौघांत असं काही बोलले होते की तो वर्षभर माझ्यापुढे आला नाही. आणि मीही परतताना वाटेत गाडी थांबवून रडले होते, की मला कळायला हवं होतं.

"नाना," मी म्हटलं, "तुमचे कान शाबूत आहेत. मी खोटं बोलले. जळकं ऑइल लावत होते पाट्यांना. दोन महिने. दर रविवारी."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमी खरंच डॉक्टर हाय का?" त्यांनी विचारलं. शांताबाई इतक्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. मग नाना हसले. मग, लाज बाजूला ठेवून, मीही हसले.

नाना लगेच उठले. तेलाने रबर सडतं, त्यांनी सांगितलं, नवं असो की जुनं. पण आता प्रेस चालू होते, ऐकणार कसं? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी नळी (छाती तपासायची) बॅगेत होती. चाक परत चढवून गाडी जमिनीवर घेतली आणि मी साडीचा ओचा आवरून पोत्यावर आडवी झाले. नळी कानात घातली की बाहेरचा धडधडाट लांब गेला. पुढच्या डाव्या पाट्याच्या टोकाला चकती लावली आणि हात हलवला. शांताबाईंनी वळवलं. टक्. इतकं स्पष्ट, इतकं जवळ, की मी दचकले. नानांना नळी दिली. त्यांनी ती उलटी घातली, मी सरळ केली. पुन्हा वळवलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. मग त्यांनी उजवा पाटा ऐकला, मग स्टेअरिंग बॉक्स, मग पुन्हा डावा, मग उगाचच माझं इंजिन सुरू करायला लावून तेही ऐकलं. आम्ही दोघींनी त्यांना थांबवलं नाही.

पहार घालून रेटल्यावर पाटा बोटभर सरकला. बूश बाहेर आला तो पाघळलेल्या गुळासारखा मऊ, बोटाने तुटत होता. त्यातून जाणारा जाड बोल्ट लोखंडावर घासून निम्मा खाल्ला गेला होता. स्टेअरिंग वळवलं की चाकं वळायच्या आधी दोन्ही चाकं जोडणारा अख्खा अक्षच बाजूला सरकायचा आणि टक् करायचा. नानांनी बोल्ट माझ्या हातावर ठेवला. "घाट उतरताना हा गेला असता ना, ताई," एवढंच म्हणाले. मी आदल्या आठवड्यात दोनदा वाड्यांच्या घाटाने उतरले होते.

चाकणहून बूश आणि बोल्ट आणवले, पाटे साबणाच्या पाण्याने धुतले, पाच वाजता गाडी तयार झाली. यापुढे तेल लावायचं नाही, नानांनी बजावलं. कुरकुरले तर कुरकुरू द्यायचे. निघताना मी नळी शेडमधल्या खिळ्याला अडकवली. माझ्याकडे घरी दुसरी आहे, म्हटलं. ते नको-नको म्हणाले, पण नळीकडे बघून म्हणाले.

वाटेत तो खाल्लेला बोल्ट शेजारच्या सीटवर होता. केदारला दाखवायचा की नाही? कारण सापडलं, आवाज गेला, ठराव मी जिंकले होते. दाखवला तर तो म्हणणार, बघ, मरता मरता वाचलीस, आता पुरे. मोशीपर्यंत ठरवलं की दाखवायचा नाही. वाकडला सिग्नलवर उभी राहिले, स्टेअरिंग वळवलं, काहीही वाजलं नाही. एका दिवसात दोन माणसांशी खोटं बोलायची हिंमत मला नव्हती.

जेवणाच्या टेबलावर तो मधोमध ठेवला आणि ऑइलपासून सगळं सांगितलं. केदारने बोल्ट उचलून उलटसुलट पाहिला.

"आई, मला गाडीचा राग नाही गं," तो म्हणाला. "तू वर एकटी असतेस आणि मला कुणी काही सांगणार नाही, याची भीती वाटते."

मग मीही पहिल्यांदा सांगून टाकलं की मला घरी बसायची भीती वाटते. सूनबाईने दोघांना आमटी वाढली. केदारने फोन उचलला आणि जुन्या गाड्यावाल्याला कळवलं की उद्या येऊ नका. दर सहा महिन्यांनी नानांकडे गाडी दाखवायची आणि वाडीवर पोचल्यावर कळवायचं, एवढं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. बोल्ट मात्र स्वतःकडे ठेवला.

गुरुवारी परत निघाले. चाकणच्या पट्ट्यात सुट्टी होती, प्रेस गप्प, रस्ता बराच मोकळा. कुरुळीला मुद्दाम वेग कमी केला. नानांच्या दारावरची तांबडी अक्षरं पांढऱ्या रंगाने पुसली होती आणि ओल्या रंगात नवीन लिहिलं होतं: ‘आवाज कधीही ऐकून मिळेल’. मी हॉर्न वाजवला. नानांनी गळ्यातली नळी हलवून दाखवली.

घरी येऊन आता महिना झाला. पाटे पुन्हा करकरतात. मी करकरू देते.

परवा वरच्या वाडीतून सोनाबाईंचं बोलावणं आलं. गाय खात नव्हती, पोट ताठ. गाय वाचली, हे आधीच सांगून टाकते. मी दुसरी नळी पोटाला लावली आणि नेहमीसारखं विचारलं, घरी काय पाजलं? "काय बी न्हाई, बाई," सोनाबाई म्हणाल्या आणि दाव्याकडे बघू लागल्या. एरवी मी आवाज चढवला असता. त्या दिवशी शेणाच्या पाटीशेजारी बसले आणि त्यांना कुरुळीची गोष्ट सांगितली. मी डॉक्टर असून कशी खोटं बोलले, आणि नानांना कसं वाटलं की आपले कान गेले, सगळं.

सोनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गाडीकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुमी तेल पाजलं व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "म्या बी तेच पाजलं."

मी नळी गायीच्या पोटावरून उचलली आणि छातीला लावली.